तिमिशोआराच्या चौकातली लांडगीण

जुलै २०२४ मध्ये जागतिक वारसा समितीचे अधिवेशन नवी दिल्लीत भरले होते. आसाममधील अहोम राजांच्या चराईदेव मोईदामांना तेव्हा जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि आपल्याकडच्या बातम्यांत साहजिकच त्याचीच चर्चा झाली. त्याच अधिवेशनात रोमानिया या देशातील, एकेकाळच्या रोमन साम्राज्याच्या सीमेवरील छावण्या, चौक्या आणि बुरूज यांचाही वारसा यादीत समावेश झाला, ही ओळ मात्र बहुतेकांच्या नजरेतून निसटली. रोम आहे इटलीत. मग त्याची सरहद्द थेट डॅन्यूब नदीच्या पलीकडे, कार्पेथियन पर्वतरांगांत कशी? आणि तिथल्या आजच्या लोकांना तिचे इतके अगत्य का?

हाच प्रश्न रोमानियाच्या पश्चिमेकडील तिमिशोआरा शहरात पाऊल ठेवणाऱ्या प्रवाशापुढे अधिक ठळकपणे उभा राहतो. शहराच्या मध्यभागी 'पियात्सा विक्तोरियेई', म्हणजे विजय चौक, नावाची लांबट मोकळी जागा आहे. तिच्या एका टोकाला ऑपेराची इमारत, दुसऱ्या टोकाला रंगीत कौलांचे ऑर्थोडॉक्स कॅथीड्रल, आणि मधल्या फुलांच्या ताटव्यांमध्ये एका उंच खांबावर ब्राँझची एक लांडगीण उभी आहे. तिची मान एका बाजूला वळलेली आहे, फासळ्या दिसत आहेत, आणि तिच्या पोटाखाली दोन मानवी बाळे तोंड वर करून दूध पीत आहेत. रोमचे हे चिन्ह आपल्यापैकी अनेकांनी कुठे ना कुठे पाहिलेले असते, आणि म्हणूनच ते इथे पाहून माणूस बुचकळ्यात पडतो. इटलीतील पुतळा या गावात काय करतो आहे?

उत्तर एका वाक्यात द्यायचे तर हा पुतळा रोमानियन लोकांनी सांगितलेल्या नात्याचा जाहीर दाखला आहे. पण नाते म्हणजे नेमके काय, ते रक्ताचे, भूमीचे की भाषेचे, आणि ते कोणाला मान्य आहे, हे सावकाश उलगडल्याशिवाय त्या एका वाक्याला अर्थ येत नाही.

## लांडगीण आणि दोन बाळे

पुतळ्यामागची कथा मराठी वाचकाला फारशी परकी वाटणार नाही. आल्बा लोंगा नावाच्या नगरीत आमुलियस याने थोरल्या भावाला, म्हणजे नुमितोर राजाला, पदच्युत करून गादी बळकावली. कंसाने उग्रसेनाला बाजूला सारले त्याच जातीचे हे कृत्य होते. नुमितोरच्या मुलीला संतती होऊ नये म्हणून आमुलियसने तिला ब्रह्मचर्याचे व्रत घ्यायला लावले. तरीही युद्धदेव मार्स याच्यापासून तिला जुळे मुलगे झाले. राजाच्या हुकमाने ती बाळे तायबर नदीत सोडण्यात आली आणि कर्णाच्या पेटीप्रमाणे त्यांची टोपली काठाला लागली. तिथे एका लांडगिणीने त्यांना दूध पाजले आणि पुढे फाउस्तुलस नावाच्या मेंढपाळाने त्यांना वाढवले. हीच दोन मुले म्हणजे रोम्युलस आणि रेमस. परंपरेने सांगितलेल्या तिथीनुसार इ.स.पू. ७५३ मध्ये २१ एप्रिल रोजी रोम्युलसने रोमची स्थापना केली आणि तटबंदीच्या वादात भावाला ठार केले.

कथा इतिहास म्हणून वाचायची नाही; पण तिच्यातील एक गोष्ट या लेखाला उपयोगी आहे. रोमने आपल्या उगमाशी एक पालनकर्ती ठेवली, आणि ती पोटची आई नव्हती. रोमचे नाते जन्माइतकेच दुधाचे आणि सांभाळाचे असू शकते, ही कल्पना त्या चिन्हातच आहे. डॅन्यूबच्या पलीकडे ते चिन्ह इतके घट्ट रुजले, त्याला हेही एक कारण असावे असे मला वाटते.

## रोम इथवर पोहोचले कसे?

आजच्या रोमानियाच्या बऱ्याच भागात प्राचीन काळी दाकियन लोक राहत असत. त्यांच्या प्रदेशाला रोमन लोक दाकिया म्हणत. सम्राट त्रायान याने इ.स. १०१–१०२ आणि १०५–१०६ अशी दोन युद्धे करून तो जिंकला. दाकियन राजा देकेबालस याने शत्रूच्या हाती लागण्यापेक्षा स्वतःचा गळा चिरून घेतला. रोममध्ये आजही उभा असलेला त्रायानचा स्तंभ याच दोन युद्धांची, खालून वर सर्पिल चढत जाणारी, दगडी चित्रकथा आहे. दख्खनमध्ये सातवाहन राज्य करीत होते तो हाच काळ.

इ.स. २७०च्या दशकात, सम्राट ऑरेलियनच्या काळात, रोमने आपले सैन्य आणि प्रशासन डॅन्यूबच्या दक्षिणेला मागे घेतले. म्हणजे उत्तरेकडील दाकियात रोमची सत्ता टिकली ती सुमारे १६५ वर्षे.

## सैन्य गेले, भाषा राहिली

इथे विचारी वाचक थांबेल आणि थांबायलाच हवे. इंग्रजांनी महाराष्ट्रावर १८१८ पासून १९४७ पर्यंत म्हणजे १२९ वर्षे राज्य केले, पोर्तुगीजांनी तर गोव्यावर १५१० पासून १९६१ पर्यंत, तब्बल साडेचारशे वर्षे. तरी घराघरांतून मराठी आणि कोकणीच बोलली जाते. मग १६५ वर्षांच्या सत्तेने एका मुलखाची भाषाच कशी बदलली?

याचे उत्तर असे की भाषा सत्तेच्या कालावधीने बदलत नाही. ती शेजार बदलल्याने बदलते. इंग्रज अधिकारी इथे नोकरी करून परत जात. दाकियात मात्र साम्राज्याच्या कानाकोपऱ्यांतून सामान्य माणसे कायमची राहायला आली: निवृत्त सैनिकांना जमिनी मिळाल्या, व्यापारी आले, कारागीर आले. आजच्या रोशिया मोंताना या गावी, जिथे रोमन काळी सोन्याच्या खाणी होत्या, तिथे दुसऱ्या शतकातील मेण लावलेल्या लाकडी पाट्या सापडल्या आहेत. त्यांवर लॅटिनमध्ये मजुरीचे करार, कर्जाचे कागद, खरेदीखते लिहिलेली आहेत. तिथल्या खाणकामगारांत आजच्या क्रोएशिया-बोस्नियाच्या बाजूची, म्हणजे दाल्मेशियाची, माणसे होती. तिमिशोआरा ज्या बानात प्रदेशात आहे, त्याच प्रदेशातील तिबिस्कुम या छावणीत सीरियाच्या वाळवंटातील पाल्मिराचे तिरंदाज तैनात होते आणि त्यांचे लॅटिन व पाल्मिरी अशा दोन भाषांतील शिलालेख मिळाले आहेत. आता दाल्मेशियाचा खाणकामगार, पाल्मिराचा तिरंदाज आणि स्थानिक दाकियन शेतकरी बाजारात समोरासमोर आले की कोणत्या भाषेत बोलणार? लॅटिनखेरीज तिघांना सामाईक असे काहीच नव्हते. मुंबईच्या चाळीत चार प्रांतांचे शेजारी जमले की एक कामचलाऊ समान बोली तयार होते आणि मुले तीच पहिली शिकतात, तसेच काहीसे हे घडले. त्यात दाकियन भाषेला लिखित परंपरेचा आधार नव्हता, आणि डॅन्यूबच्या दक्षिणेला साम्राज्य पुढेही शतकानुशतके टिकून असल्याने लॅटिन बोलणाऱ्यांचा मोठा पट्टा हाकेच्या अंतरावर होता.

लॅटिनपासून निघालेल्या भाषांना 'रोमान्स भाषा' म्हणतात: इटालियन, फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज या तिच्या पश्चिमेकडील मुली, तर रोमानियन ही पूर्वेकडे एकटी राहिलेली मुलगी. तिच्या शब्दांतून अजूनही रोमन छावणीचा वास येतो. 'म्हातारा' या अर्थाचा रोमानियन शब्द 'बत्रिन' हा लॅटिन 'वेतेरानुस' पासून, म्हणजे सेवानिवृत्त सैनिकापासून आला आहे. गावात जो वृद्ध दिसे तो बहुधा जुना शिपाईच असे, हे त्या एका शब्दात टिकून राहिले. 'हृदय' म्हणजे 'इनिमा', मूळ लॅटिन 'आनिमा', अर्थात प्राण. 'भूमी' म्हणजे 'पमिंत', ज्याचे मूळ फरसबंदी जमिनीच्या लॅटिन शब्दात आहे. आणि लांडगा म्हणजे 'लुप', लांडगीण म्हणजे 'लुपोआइका'. चौकातल्या पुतळ्याला तिथले लोक याच नावाने ओळखतात.

मराठी कानालाही यात ओळखीचे सूर ऐकू येतात, कारण लॅटिन आणि संस्कृत या दूरच्या बहिणी आहेत. रोमानियन अंक 'दोई, त्रेई… शाप्ते, ओप्त, नोउअ' असे मोजले की दोन, तीन, सात, आठ, नऊ आठवतात. 'दिंते' म्हणजे दात, 'नुमे' म्हणजे नाव. 'लुप' आणि संस्कृत 'वृक', जो भीमाच्या 'वृकोदर' या नावात आपल्याला भेटतो, हे दोन्ही भाषातज्ज्ञांच्या मते एकाच आदिम शब्दाचे वंशज आहेत. पण अशा साम्याच्या मोहात सावध राहावे लागते. रोमानियनमध्ये पाण्याला 'आपअ' म्हणतात आणि ते ऐकून संस्कृत 'आप' आठवल्यावाचून राहत नाही. प्रत्यक्षात 'आपअ' हा लॅटिन 'आक्वा'चा बदललेला उच्चार आहे. लॅटिनमधील 'क्व' रोमानियनमध्ये अनेक ठिकाणी 'प' झाला, जसा 'क्वात्तुओर'चा 'पात्रु', म्हणजे चार. जवळच्या आणि दूरच्या नात्यांत गल्लत होऊ नये म्हणून हा नियम सांगितला.

रोमानियनमध्ये स्लाव्ह भाषांतून आलेले शब्दही भरपूर आहेत. 'होय' या अर्थाचा 'दा' आणि 'मित्र' या अर्थाचा 'प्रिएतेन' हे अगदी रोजचे शब्द स्लाव्ह आहेत. यावरून कोणी म्हणेल की मग ही लॅटिनची मुलगी कशी? मराठीत दरवाजा, हजर, बाजार, जमीन हे फारसी-अरबी वळणाचे शब्द आहेत, म्हणून मराठी फारसीची मुलगी ठरत नाही. भाषेचे कूळ तिच्या क्रियापदांवरून, सर्वनामांवरून आणि वाक्याच्या हाडामांसावरून ठरते.

## मग रोमानियन लोक सगळेच रोमन वंशाचे का?

नाहीत, आणि तसे कोणी म्हणत असेल तर ते चूक आहे. वर पाहिले त्याप्रमाणे दाकियात आलेले 'रोमन' स्वतःच नाना देशांचे होते. त्यानंतर गॉथ, हूण, स्लाव्ह आणि इतर अनेक लोक त्या भूमीतून गेले किंवा तिथेच राहिले. शुद्ध वंशाचा प्रश्नच उद्भवत नाही.

आपल्याकडे गावावरून पडलेली आडनावे आहेत. एखाद्या कुटुंबाचे आडनाव चिपळूणकर असते. पाच पिढ्यांत कोणी चिपळूणला राहिलेले नसते, मधल्या काळात नाना ठिकाणच्या सुना घरात आलेल्या असतात, तरी नाव राहते आणि नावाबरोबर कुलदैवताची एखादी चालरीतही राहते. रोमानियन लोक स्वतःला 'रोमिन' म्हणतात, आणि तो लॅटिन 'रोमानुस'चाच झिजलेला उच्चार आहे. त्याचा अर्थ 'आम्ही रोमहून निघालो' असा नसून 'रोमचे नाव आमच्याकडे चालत आले' असा घेतला, तर बरेच वाद निवळतात.

तरी एक वाद उरतोच. रोमानियन भाषा बोलणाऱ्यांचे पूर्वज ऑरेलियननंतरही कार्पेथियन प्रदेशातच राहिले, असे एक मत आहे. ते मुख्यतः डॅन्यूबच्या दक्षिणेला घडले आणि काही शतकांनी उत्तरेकडे सरकले, असे दुसरे. पहिले मत रोमानियन इतिहासलेखनात रुजले आहे, दुसऱ्याला हंगेरियन अभ्यासकांत अधिक पाठिंबा आहे, कारण एकेकाळी हंगेरीच्या अमलाखाली असलेल्या आणि आज रोमानियात असलेल्या ट्रान्सिल्व्हेनियात आधी कोण होते हा प्रश्न त्यात गुंतलेला आहे. भाषा लॅटिनची लेक आहे याबद्दल दोघांचेही दुमत नाही. ती कोणत्या अंगणात वाढली याबद्दल आहे. माझ्या मते, कोणाला आज तिथे सन्मानाने राहण्याचा हक्क आहे हे दीड हजार वर्षांपूर्वीच्या मुक्कामावरून ठरवूच नये.

## ही आठवण जागी कोणी केली?

मधल्या शतकांत रोमचे नाते भाषेत मुरलेले होते, पण त्याची जाहीर मांडणी नव्हती. रोमानियन भाषा स्लाव्ह चर्चच्या प्रभावामुळे सिरिलिक लिपीत लिहिली जात असे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ट्रान्सिल्व्हेनियातील काही विद्वानांनी, ज्यांत सामुइल मिकू, गेओर्गे शिंकाई आणि पेत्रु मायोर हे प्रमुख होते, भाषेचे लॅटिन मूळ पुराव्यांनिशी मांडायला सुरुवात केली. हॅब्सबर्ग साम्राज्यातील ट्रान्सिल्व्हेनियात रोमानियन लोक संख्येने मोठे, पण राजकीय हक्कांपासून वंचित होते. 'आमची भाषा सम्राटांच्या लॅटिनची मुलगी आहे' हे विधान त्यामुळे केवळ व्याकरणाचे नव्हते. ते बरोबरीच्या हक्काचे मागणे होते. मिकू आणि शिंकाई यांचे व्याकरण १७८० मध्ये व्हिएन्नात प्रसिद्ध झाले. पुढे १८६०च्या दशकात रोमानियनने अधिकृतपणे लॅटिन लिपी स्वीकारली, आणि त्याच काळात एकत्र आलेल्या संस्थानांच्या देशाने 'रोमानिया' हे नाव घेतले.

शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारातील फारसी संज्ञांऐवजी संस्कृत संज्ञा देणारा राज्यव्यवहारकोश तयार करवून घेतला, त्यामागची प्रेरणा ज्याला समजते, त्याला ट्रान्सिल्व्हेनियातील या मंडळींची धडपड वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

ही आठवण विद्वानांपुरती राहिली नाही. गेओर्गे कर्त्सान नावाचा एक मेंढपाळ १८४९ मध्ये ट्रान्सिल्व्हेनियात जन्मला. लोक त्याला 'बाद्या कर्त्सान' म्हणत. 'बाद्या' म्हणजे आपल्याकडील 'दादा'. हा माणूस डोंगर ओलांडून रोमानियन पुस्तके हंगेरीच्या अमलाखालील आपल्या मुलखात गुपचूप नेत असे. १८९६ मध्ये तो पायी रोमला निघाला, कारण ज्या स्तंभावर आपल्या पूर्वजांची कथा कोरली आहे तो स्तंभ त्याला डोळ्यांनी पाहायचा होता. वारकऱ्याच्या निष्ठेने तो रोमला पोहोचला आणि त्रायानच्या स्तंभाच्या पायथ्याशीच रात्री झोपला. त्याचा मेंढपाळी पोशाख स्तंभावरील दाकियन पुरुषांच्या पोशाखाशी इतका जुळत होता की स्तंभावरून एक दाकियन खाली उतरला आहे, असे रोमच्या वर्तमानपत्रांत छापून आले. या विषयावरील सगळ्या वादांत मला हा माणूस फार महत्त्वाचा वाटतो. तो विजेत्याच्या स्मारकापाशी गेला होता, आणि त्यावर त्याने जिंकणारे व जिंकले गेलेले, दोघांनाही आपले मानले.

## पुतळे आले केव्हा?

१९०६ हे वर्ष रोमानियासाठी तिहेरी उत्सवाचे होते: त्रायानच्या विजयाला १८०० वर्षे, राजा कारोल पहिला याच्या कारकिर्दीला ४० वर्षे आणि राजसत्तेच्या घोषणेला २५ वर्षे पूर्ण झाली होती. त्यानिमित्त बुखारेस्टमध्ये मोठे प्रदर्शन भरले आणि रोम शहराने लांडगिणीच्या पुतळ्याची प्रतिकृती भेट दिली. पुढे तिच्या जागा अनेकदा बदलल्या. आता ती जुन्या शहरात, लिपस्कानी रस्त्याजवळ आहे.

पहिल्या महायुद्धानंतर ट्रान्सिल्व्हेनिया, बानातचा मोठा भाग आणि बेसारेबिया (म्हणजे बहुतांशी आजचा मोल्दोव्हा) रोमानियाला जोडले गेले, आणि रोमने या नव्या प्रदेशांतील शहरांनाही अशाच प्रतिकृती पाठवल्या. क्लुजला ती १९२१ मध्ये मिळाली आणि तिच्यावर इटालियनमध्ये 'क्लुज शहरास, माता रोम' अशा आशयाचा लेख आहे. तिमिशोआराची लांडगीण १९२६ मधील. त्याच वर्षी इटली आणि रोमानिया यांच्यात मैत्रीचा करार झाला होता.

इथे काही जण म्हणतात की हे सगळे मुसोलिनीचे राजकारण होते. १९२६ मध्ये इटलीत मुसोलिनीची सत्ता होती आणि त्याच्या राजवटीने असे पुतळे परदेशी पाठवले, हे खरेच आहे. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातील रोम नावाच्या शहराला १९२९ मध्ये मिळालेली लांडगीण हे त्याचे उदाहरण. पण बुखारेस्टची आणि क्लुजची भेट मुसोलिनी सत्तेवर येण्याआधीची आहे, तर स्पेनमधील सेगोव्हियाला तेथील रोमन जलवाहिनीच्या दोन हजार वर्षांनिमित्त १९७४ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर तीन दशकांनी मिळालेली आहे. फॅसिस्टांनी चिन्ह वापरले. ते त्यांनी निर्माण केले नव्हते. तिमिशोआराच्या पुतळ्याकडे पाहताना त्याच्या वर्षाची ही सावली लक्षात ठेवावी, आणि तेवढ्यावरच न थांबावे.

## 'ज्यांनी जिंकले त्यांचाच गौरव कशाला?'

ही शंका सर्वांत स्वाभाविक आहे. परंतु रोमानियात आजही मुलांची नावे 'त्रायान' आणि 'देचेबाल' (म्हणजे देकेबालस) अशी दोन्ही ठेवली जातात. डॅन्यूबच्या काठी ओर्शोवाजवळ देकेबालसचा अवाढव्य चेहरा खडकात कोरलेला आहे. त्रायानच्या स्तंभावर दाकियनांचे निशाण दिसते, आणि ते म्हणजे सापाच्या शरीरावर बसवलेले लांडग्याचे डोके. दोन्ही बाजूंना लांडगा होता. अभिमान एकाच बाजूचा असला पाहिजे ही अट रोमानियन समाजाने स्वतःला घातलेली नाही.

## 'मुळात पुतळाच प्राचीन नाही'

रोमच्या कॅपिटोलिन संग्रहालयातील मूळ लांडगीण सुमारे ७५ सेंटीमीटर उंच आणि ११४ सेंटीमीटर लांब आहे. पोप सिक्स्टस चौथा याने १४७१ मध्ये ती रोमच्या जनतेला दिली. तिच्याखालची बाळे त्यानंतर, पंधराव्या शतकाच्या अखेरीस जोडली गेली. लांडगीण मात्र इ.स.पू. पाचव्या शतकातील, एत्रुस्कन, म्हणजे रोमच्या उत्तरेकडील प्राचीन लोकांच्या, कारागिरांची, असे दीर्घकाळ मानले जात होते. १९९७ पासून झालेल्या जतनकार्यात आन्ना मारिया कारुब्बा यांच्या लक्षात आले की पुतळा एकसंध ओतलेला आहे. प्राचीन कारागीर मोठे ब्राँझ तुकड्यांत ओतून नंतर जोडत. एवढी मोठी वस्तू एका ओतात काढणे हे मध्ययुगात चर्चच्या घंटा ओतणाऱ्यांचे कसब होते. पुढे साच्यातील अवशेषांच्या वैज्ञानिक चाचण्यांतूनही अकराव्या-बाराव्या शतकाचा काळ पुढे आला. सगळ्या अभ्यासकांनी हे मान्य केलेले नाही, पण पारडे मध्ययुगाकडे झुकले आहे.

याने चौकातल्या लांडगिणीचा अर्थ संपतो का? चिन्ह पुतळ्यापेक्षा जुने आहे: लांडगीण आणि जुळी बाळे इ.स.पू. तिसऱ्या शतकातील रोमन नाण्यांवर आहेत. शिवाय तिमिशोआरात उभी आहे ती प्रतिकृतीच, आणि ते सर्वांना ठाऊक आहे. देवळात मूळ मूर्ती गाभाऱ्यातून हलत नाही. पालखीत निघते ती उत्सवमूर्ती. ती किती जुनी आहे हे कोणी पालखीपुढे विचारत नाही, कारण ती लोकांपर्यंत येते हेच तिचे काम. चौकातल्या लांडगिणीचे कामही तेच आहे.

## सामाईक, पण कोणाकोणाचा?

सातबाऱ्यावर 'सामाईक' क्षेत्र असते तेव्हा नावे अनेक असतात आणि कोणाचा तुकडा कोणता हे वेगळे दाखवलेले नसते. सामाईक वारसा या शब्दाचा मी हाच अर्थ घेतो. म्हणूनच उताऱ्यावर कोणाचे नाव नाही, हेही विचारावे लागते.

क्लुजमध्ये हा प्रश्न टोकदार होता. शहराच्या मुख्य चौकात हंगेरीचा राजा मात्याश याचा १९०२ मधील भव्य अश्वारूढ पुतळा होता आणि १९२१ मध्ये लांडगीण बरोबर त्याच्यासमोर बसवली गेली. १९४० मध्ये उत्तर ट्रान्सिल्व्हेनिया हंगेरीकडे गेला तेव्हा ती सिबिउ शहरात हलवावी लागली. आता ती क्लुजमध्येच, पण त्या चौकापासून थोडी दूर, वीरांच्या नावाच्या रस्त्यावर आहे, आणि मात्याश आपल्या जागी आहे. दोघांमधले हे अंतर मला योग्य वाटते.

तिमिशोआरात रोमानियन, जर्मन, हंगेरियन, सर्ब आणि ज्यू असे लोक शतकानुशतके एकत्र राहिले. लांडगीण त्यांतील सर्वांची नाही, हे मान्य केले पाहिजे. पण तिथून चार पावलांवरच्या ऑपेराच्या इमारतीत रोमानियन नाट्यगृहाबरोबरच जर्मन आणि हंगेरियन भाषांची सरकारी नाट्यगृहेही आहेत. डिसेंबर १९८९ मध्ये हंगेरियन धर्मोपदेशक लास्लो तोकेश यांना घराबाहेर काढले जाऊ नये म्हणून त्यांच्या दाराशी आधी त्यांचे अनुयायी आणि मग रोमानियन शेजारी जमले. त्या ठिणगीतून कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कूची राजवट उलथवणारी क्रांती सुरू झाली आणि २० डिसेंबरला याच ऑपेराच्या सज्जातून तिमिशोआरा हे मुक्त शहर म्हणून घोषित झाले. लांडगिणीचा चौक पाहायला जाणाऱ्याने तो सज्जा पाहिल्याशिवाय परतू नये; चौकाच्या नावातला 'विजय' तिथला आहे.

## कोल्हापूरही मग रोमच्या वारशात येते का?

कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवरील उत्खननात समुद्रदेव पोसायडनची ब्राँझची सुबक मूर्ती मिळाली, तेरला रोमशी व्यापार झाल्याच्या खुणा आहेत, आणि त्या काळच्या ग्रीक खलाशांना कल्याण व पैठण ठाऊक होते. तो व्यापाराचा वारसा आहे आणि मोलाचा आहे. व्यापारात वस्तू येतात व घरात मांडल्या जातात. दाकियात माणसे आली, आणि घरातली बोली बदलली.

## जिथे रोम कधी नव्हते तिथली लांडगीण

शेवटची शंका सर्वांत अवघड आहे. मोल्दोव्हाची राजधानी किशिनाउ येथेही राष्ट्रीय इतिहास संग्रहालयासमोर अशीच लांडगीण आहे. पण तो प्रदेश, म्हणजे जुना बेसारेबिया, बहुतांशी दाकिया प्रांताच्या बाहेर होता. जिथे रोमन छावणीच नव्हती तिथे रोमचे चिन्ह कशासाठी?

कारण तिथल्या बहुसंख्य लोकांच्या तोंडात तीच भाषा आहे. आणि ज्यांना त्या भाषेची भीती वाटली त्यांना पुतळ्याचीही वाटली. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात रोमकडून आलेली पहिली लांडगीण १९४० मध्ये सोव्हिएत सत्ता येताच नाहीशी झाली. लोकांच्या बोलीला 'मोल्दोव्हन' असे वेगळे नाव देऊन ती सिरिलिक लिपीत लिहायला लावण्यात आली, जेणेकरून ती रोमानियनपासून निराळी भासावी. सोव्हिएत पकड सैल होऊ लागली तेव्हा लोकांनी भाषेला लॅटिन लिपी परत मिळवून दिली, आणि पुढच्याच वर्षी, १९९० मध्ये, रोमकडून दुसरी लांडगीण आली. २००५ मध्ये कम्युनिस्ट सरकारच्या काळात ती दुरुस्तीच्या नावाखाली खाली उतरवली गेली. काही वर्षांनी ती पुन्हा आपल्या जागी आली. मार्च २०२३ मध्ये मोल्दोव्हाच्या संसदेने कायद्यांतील 'मोल्दोव्हन भाषा' हे शब्द बदलून 'रोमानियन भाषा' असे केले.

संग्रहालयासमोरच्या त्या रस्त्याचे नाव '३१ ऑगस्ट १९८९' असे आहे. लॅटिन लिपी परत आणणारा कायदा झाला ती ही तारीख, आणि लांडगीण त्याच रस्त्याकडे तोंड असलेल्या अंगणात उभी आहे.